कललेल्या दाराचं यंत्र

गिरगावातल्या जुन्या चाळींत एखादं तरी दार असं असतं, जे अर्धवट उघडं राहतच नाही. ढकलून सोडलं की सावकाश फिरतं आणि ठरलेल्या जागी येऊन थांबतं. भुताटकी वगैरे काही नाही. दोन बिजागरांना जोडणारी रेघ ओळंब्यात नाही, इतकंच. घरच्या घरी भूकंपमापक बनवणाऱ्या हौशी लोकांचं जुनं, लाडकं यंत्र म्हणजे हेच दार. जमीन हलली तरी एखादी जड वस्तू जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहावी आणि दोघींमधला फरक नोंदवावा, एवढंच भूकंपमापकाचं काम. त्यासाठी त्या वस्तूचा हेलकावा साधारण जमिनीच्या हालचालीइतका तरी संथ लागतो, आणि दूरच्या भूकंपाच्या लाटा फारच संथ असतात. वीस-वीस सेकंदांत एक. साध्या लंबकाला सतरा सेकंदांचा एक हेलकावा घ्यायला लावायचा तर दोरी सत्तर मीटरहून लांब हवी, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडलेली. पण सत्तर सेंटिमीटरचा दांडा दारासारखा आडवा टांगला, त्याच्या टोकाला वजन बांधलं आणि त्याचा आस ओळंब्यापासून जेमतेम अर्धा अंश कलता ठेवला, की तोच हेलकावा टेबलावर मिळतो. अमेरिकेतल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स लेहमन यांनी असं यंत्र केलं, १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात त्याची माहिती आली, आणि तेव्हापासून जगभरच्या गॅरेजांत, तळघरांत अशी दारं लटकत आहेत.

मुंबईत हा छंद करायचा म्हटलं की पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच येते. दादरला दोन रेल्वेमार्ग, परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी चाललेली पायाखोदाई, गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून धावणारी मेट्रो. इथे जमिनीचं ऐकणार कोण आणि कसं? माझं म्हणणं उलट आहे. घरगुती भूकंपमापकाला मुंबईसारखी शाळा नाही, आणि ती गोंगाटासकट नव्हे, गोंगाटामुळेच. भूकंपमापक विकत घेणं सोपं आहे. भूकंप नसलेलं काय काय असतं हे ओळखणं कठीण, आणि या यंत्राचं निम्मं शास्त्र तिथेच आहे.

‘घरगुती’ या शब्दाला नाक मुरडण्याआधी इतिहास पाहावा. जॉन मिल्न हा इंग्रज जपानात खाणकाम शिकवायला गेला आणि तिथल्या धक्क्यांनी भूकंपशास्त्रज्ञ झाला. १८९५ साली तो परतला आणि आइल ऑफ वाइट बेटावर शाइड या गावी राहिला. एका अर्थी जगाचं पहिलं भूकंपनोंदींचं केंद्र म्हणजे त्याचं राहतं घर. त्याने बेतलेलं आडव्या दांड्याचं यंत्र साम्राज्यभर आणि त्याबाहेरही बसवलं गेलं, आणि त्या सगळ्या ठिकाणांहून नोंदी टपालाने त्याच्या घरी येत. एकोणिसावं शतक संपता संपता असंच एक यंत्र मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आलं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस; १८९६ साली त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. पुढे मिल्नच्या यंत्राचा मोठा दोष, म्हणजे एकदा हललेला दांडा हलतच राहण्याचा, काढून टाकला तो जॉन जॉन्सन शॉ या गृहस्थाने. शॉचा धंदा काय? वेस्ट ब्रॉमिचमध्ये वस्तू गहाण ठेवून घेण्याचा! दिवसा लोकांची घड्याळं आणि दागिने गहाण, आणि फावल्या वेळात पृथ्वीची कंपनं. त्याने दांड्यावरचा धातूचा पत्रा चुंबकांच्या मधोमध हलेल असा बसवला. पत्रा हलला की त्यात वीज फिरते आणि तीच त्याला अडवते. आजही दांडा टांगणारे हौशी लोक ब्रेक लावतात तो हाच. मिल्न-शॉ यंत्र कुलाब्यातही आलं. म्हणजे मुंबईच्या सरकारी भूकंपनोंदीच्या मुळाशी एक घर आणि एक हौशी दुकानदार आहे.

याच वेधशाळेने गोंगाटाचा प्रश्नही फार लवकर अनुभवला. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार हे ठरलं, तेव्हा रुळांतून वाहणारी वीज पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडवणार हे मूस यांनी ओळखलं. चुंबकीय वेधांची उपकरणं १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागला हलली. विजेची ट्राम १९०७ साली धावली. भूकंपमापक मात्र कुलाब्यातच राहिला, आणि एका अर्थी नशीब काढलं. कारण पावसाळ्यात त्याच्या कागदावरची रेघ जाडजूड होई. भूकंप नाही, ट्राम नाही, तरी काही सेकंदांच्या तालात जमीन तासन्‌तास, दिवसेंदिवस थरथरे. अशा नोंदीला सहसा कचरा समजत. कुलाबा-अलिबाग वेधशाळांचे तेव्हाचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी तो कचरा निवडायला घेतला. मोसमी वारे आणि अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरातली वादळं यांच्याशी रेघेचं जाड होणं त्यांनी ताडून पाहिलं आणि १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा निबंध छापला. खवळलेल्या समुद्राचा दाब तळापर्यंत पोचतो आणि तिथून जमिनीतून प्रवास करत येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आक्षेप रास्त होता: लाटेचा दाब खोलीबरोबर झपाट्याने विरतो, तो हजारो मीटर खाली जाईल कसा? त्याचं उत्तर १९५० साली मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी गणिताने दिलं. समोरासमोरून येणाऱ्या दोन लाटा भिडल्या की त्यांच्या दुप्पट वारंवारतेचा असा एक दाब तयार होतो, जो खोलीबरोबर विरत नाही. बॅनर्जींचं स्पष्टीकरण अपुरं ठरलं, निरीक्षण टिकलं. समुद्रावरच्या वादळाची खबर जमिनीच्या कंपातून काढण्याचा प्रयत्न करणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्यांच्या निबंधाचं नाव येतं. हेच बॅनर्जी पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. गोंगाट म्हणून टाकून दिलेल्या रेघेतून इतकं निघालं, ते समुद्राकाठच्या या शहरात.

आता आजच्या घराकडे येऊ. लेहमनचा दांडा टांगायला जागा आणि चिकाटी लागते; उंदीर, झुरळ, उघड्या खिडकीतला वारा, सगळ्यांची तो नोंद ठेवतो. म्हणून बहुतेक नवे छांदिष्ट जिओफोन घेतात. तेलाच्या शोधासाठी बनवलेलं हे मुठीएवढं नळकांडं: आत चुंबक, त्याभोवती स्प्रिंगांवर तरंगणारं तारेचं वेटोळं. जमीन हलली की वेटोळ्यात वीज उमटते, ती वाढवून सेकंदाला शंभर वेळा मोजायची आणि छोट्या संगणकात साठवायची. २०१६ पासून ‘रास्पबेरी शेक’ नावाने हे सगळं एका डबीत तयार मिळतं. ज्याला हाताला चटके घेऊनच शिकायचंय त्याच्यासाठी गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर सुट्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड आहेच. पण निवड करताना काय गमावतो ते कळायला हवं. साडेचार हर्ट्झचा जिओफोन सेकंदाला अनेकदा होणारी थरथर उत्तम पकडतो, म्हणजे जवळचे भूकंप, आणि दुर्दैवाने बेस्टची बसही. वीस सेकंदांच्या लाटांना तो जवळजवळ बहिरा; दूरचा भूकंप खूप मोठा असला तरच त्याला कळतो. दांड्याचं नेमकं उलट. बस, लोकल, पायाखोदाई त्याला फारशी जाणवत नाही, नेपाळ किंवा सुमात्राच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा तो डौलात काढतो, आणि जून ते सप्टेंबर मात्र समुद्राच्या तालावर डोलत बसतो. शहराचा गोंगाट आणि पृथ्वीचा आवाज एकाच पट्टीत नसतात, हे यातून शिकायला मिळतं. ‘मुंबईत ऐकूच येणार नाही’ हा आक्षेप म्हणून अर्धाच खरा: तुम्ही कुठल्या पट्टीला कान लावता यावर ते आहे.

जवळच्या भूकंपांसाठी मात्र शहराच्या गोंगाटाची पट्टी टाळता येत नाही, आणि मुंबईकराला जवळचे भूकंपच महत्त्वाचे. इथे घड्याळ कामी येतं. भूकंपाची पहिली, दाबाची लहर वेगाने येते. दुसरी, आडवी हलवणारी, मागून. दोघींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळतं. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची जी मालिका चालू झाली, ते ठिकाण दक्षिण मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास: फरक पंधरा-सोळा सेकंद. कोयनानगर दोनशे किलोमीटर: पंचवीस सेकंद. किल्लारी चारशे: पन्नास. परळच्या तळमजल्यावरच्या एका डबीला दिशा कळत नाही हे खरं, पण पालघर की कोयना एवढं ती सांगू शकते. आणि ट्रकला पंधरा सेकंदांनी येणारी दुसरी लहर नसते. तो येतो, फुगतो, ओसरतो. पायलिंगचा हातोडा तर ठरलेल्या अंतराने पडत राहतो. लोकलच्या थरथरीला वेळापत्रक असतं. रात्री एक ते चार ती थांबते आणि रेघ बारीक होते. आपल्या दोन मोठ्या भूकंपांनी त्याच सुमाराची वेळ गाठली हा निव्वळ योगायोग: कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ तीव्रतेचा, आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळा मुंबईकर झोपेतून उठले. दोन्ही भूकंपांचे आलेख सरकारी यंत्रांनी काढले, मग घराघरांतल्या डब्यांची गरज काय, हा आक्षेप इथेच घ्यायला हवा.

सरकारी जाळं उत्तम असतं, पण विरळ असतं. दोन केंद्रांमध्ये कित्येक किलोमीटर रिकामे राहतात, आणि मुंबईची जमीन हाताच्या अंतरावर बदलते. कुठे परळसारख्या जुन्या बेटाचा कातळ, कुठे दोन बेटांमधली बुजवलेली खाडी. भरावाची मऊ जमीन काही लाटा वाढवून दाखवते. किती, हे दोन जागी यंत्रं ठेवल्याशिवाय कळत नाही. हैतीत १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा देशाची अधिकृत यंत्रणा जवळपास निकामी होती आणि लोकांच्या घरांत ठेवलेल्या अशाच डब्यांच्या नोंदींवरून नंतरच्या धक्क्यांचा माग काढला गेला. २०२० च्या टाळेबंदीत माणसांच्या हालचालीने होणारी थरथर जगभर निम्म्यापर्यंत घटल्याचं ज्या अभ्यासाने दाखवलं, त्यातही घरगुती यंत्रं होती. शास्त्रज्ञांना घरगुती नोंद चालते, अट एवढीच की ती चोवीस तास, अचूक वेळेसह आणि न खुडता ठेवलेली असावी. हौशी माणूस नेमका इथे घसरतो: भूकंपाचा तुकडा कापून मिरवतो आणि बाकीचे महिने पुसून टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्याला अर्धवट कळतं असा माणूस पायलिंगला भूकंप म्हणेल आणि चाळीच्या चाळी रस्त्यावर येतील. ही भीती खरी आहे. पण चूक यंत्रामुळे होते की यंत्र नसल्यामुळे? जुन्या भूकंपयाद्यांत १६१८ साली मुंबई-वसई भागात झालेल्या भीषण भूकंपाची नोंद सापडते. मूळ वर्णनं तपासणाऱ्या अभ्यासकांना ते समुद्री वादळ दिसलं. वारा आणि भूकंप यांतला गोंधळ चारशे वर्षं याद्यांत मुक्काम करू शकतो. एका डबीवरून काही जाहीर करू नये, शेजारच्या दुसऱ्या डबीशी आणि अधिकृत नोंदीशी ताडावं, हा नियम पाळणारा माणूस अफवेचा वाहक नाही, चाळणी असतो. भाकीत हा विषय तर काढूच नये. भूकंपाची वेळ आधी सांगणारं यंत्र कुणाकडेच नाही. कोयनेला धक्का बसला तर पहिली लहर मुंबईला पोचायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं आणि नुकसान करणारी तिच्यामागून पंचवीस सेकंदांनी येते. तेवढ्यात गॅस बंद करता येईल, तोही ओट्याजवळ उभं असल्यास.

राहिला मजल्याचा प्रश्न. छंदाची पुस्तकं सांगतात की यंत्र तळमजल्यावर, खांबापासून दूर, जमिनीला चिकटवून ठेवा. लालबागच्या गिरणीच्या जागेवरच्या मनोऱ्यात चाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याने काय करावं? तिथे डबी जमीन मोजतच नाही, इमारत मोजते. ढोबळ हिशोबाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरला तर चाळीस मजल्यांचा मनोरा चार-एक सेकंदांत एक हेलकावा घेतो, वाऱ्यानेही आणि लाटांनीही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भुजचा ७.७ तीव्रतेचा भूकंप साडेपाचशे किलोमीटरवरून आला तेव्हा मुंबईत तो उंच इमारतींत जास्त जाणवला, तो यामुळेच. हे ऐकून मनोऱ्यातला माणूस यंत्र आणण्याचा बेत सोडतो, सोडू नये. इमारतीचा हा स्वतःचा ताल तिच्या ताठपणावर ठरतो. भिंती पाडल्या, खांब चिरले, तर तो किंचित मंदावतो, आणि अशी किंचितशी मंदावणूक डोळ्यांना दिसत नाही, आलेखाला दिसते. दरवर्षी एप्रिलमध्ये, वारा पडलेल्या एखाद्या रात्री, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तो ताल मोजून वहीत लिहून ठेवायचा. सोसायटीच्या सभेत लिफ्ट आणि पार्किंगच्या मधे तो वाचून दाखवणारा सदस्य लोकांना चक्रम वाटेल, हे मान्य आहे.