गडावर नेण्याचा चाकू

पावसाने जोर धरला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक ताप-जुलाबाचे आणि दुसरे हात-पाय कापून घेतलेले. पहिल्या प्रकाराविषयी या सदरात वेळोवेळी लिहिले आहे. दुसऱ्या प्रकारात पूर्वी बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर असत. आता त्यांच्या जोडीला गडावर किंवा रानात मुक्कामाला जाऊन आलेली तरुण मुले-मुलीही दिसू लागली आहेत.

"मुलगा मित्रांबरोबर गडावर चालला आहे. बरोबर चाकू द्यावा का, आणि दिला तर कोणता?" असे एका पालकांनी विचारले. हा प्रश्न दुकानदाराचा आहे असे कुणी म्हणेल. पण चाकू निवडण्यात चूक झाली तर माणूस पट्टी बांधायला डॉक्टरकडेच येतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्याही कामात बसते.

चाकू कशासाठी?

आधी हे ठरवावे. गडावर चाकूची खरी कामे अगदी साधी असतात. काकडी, कांदा, लिंबू कापणे, दोरी किंवा सुतळी तोडणे, औषधाची चिकटपट्टी कापणे, फार तर चुलीसाठी वाळक्या काटकीची ढलपी काढणे. बिबट्या किंवा रानडुक्कर आले तर असावा म्हणून मोठा सुरा बाळगणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो की त्याचा काही उपयोग नाही. प्राणी अंगावर येईल तेव्हा सुरा म्यानातच राहील, आणि एरवी चालता चालता पाय घसरला तर तोच सुरा मांडीत शिरेल. जनावरापासून बचाव हवा असेल तर चार जणांनी मिळून राहावे, अंधारात बॅटरी वापरावी आणि खरकटे तंबूजवळ टाकू नये.

कोयता हे शेतकऱ्याचे अवजार आहे. कोकणात माडावर चढणाऱ्याच्या कमरेला तो मागे अडकवलेला असतो आणि तिथे तो शोभतो, कारण त्या हाताला लहानपणापासूनची सवय आहे. वर्षातून दोनदा गड चढणाऱ्याने त्याची नक्कल करू नये.

माप आणि बनावट

पाते आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढे, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर असले की पुरते. मुक्कामाला स्वयंपाक करायचा असेल तर दहा सेंटिमीटर. त्याहून मोठे पाते म्हणजे नुसते ओझे.

चाकू दोन प्रकारचे मिळतात. एक मिटणारा आणि दुसरा सरळ, न मिटणारा. मिटणारा घेणार असाल तर उघडल्यावर पाते अडकून बसते की नाही, हे दुकानातच पाहा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला मुठीच्या तोंडाशी फिरवायची धातूची कडी असते. ही युक्ती १९५५ सालची आहे. इतर चाकूंत पट्टीचा किंवा पाठीमागचा खटका असतो. प्रकार कोणताही चालेल, पण पाते बोटांवर आपोआप मिटता कामा नये. स्विस चाकू म्हणून जो ओळखला जातो, त्याचे मूळ रूप कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली स्वित्झर्लंडमधील अधिकाऱ्यांसाठी तयार केले. त्यातली छोटी कात्री आणि चिमटा पट्टी कापायला व काटा काढायला फार उपयोगी. परंतु त्याच्या लहान आकाराच्या नेहमीच्या चाकवांचे पाते फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभे राहते. त्याने कापावे, टोकाने भोसकू किंवा खरवडू नये.

सरळ चाकूला मिटण्याचा धोका नाही आणि तो धुवायला सोपा. स्वीडनमधील मोरा गावच्या नावाने ओळखले जाणारे साधे चाकू याच प्रकारचे. मात्र त्याला घट्ट बसणारे कठीण म्यान हवेच. स्वयंपाकघरातली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो कागद पहिल्या पावसात भिजतो आणि नंतर पिशवीत हात घालणाऱ्याची गाठ थेट पात्याशी पडते.

पोलाद निवडताना आपली हवा लक्षात घ्यावी. साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेल्या पोलादाला आपण स्टेनलेस म्हणतो. ते सहज गंजत नाही. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण सह्याद्रीच्या पावसात ते एका रात्रीत तांबडे पडते आणि लिंबू कापले की काळवंडते. असा चाकू असेल तर वापरानंतर धुऊन, पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. मूठ खरबरीत असावी आणि मुठीपुढे बोट अडेल असा उंचवटा असावा. ओल्या हाताची बोटे पुढे सरकून पात्यावर गेल्याने झालेल्या जखमा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

विळीची सवय, चाकूचा हात

आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या विळीवर चिरण्याची रीत होती. विळीचे पाते स्थिर असते आणि आपण भाजी त्याच्याकडे नेतो. चाकूचे उलट. भाजी स्थिर राहते आणि पाते फिरते. गडावर पाट नसतो, म्हणून मुले काकडी डाव्या हातात धरून उजव्या हाताने चाकू आपल्याच दिशेला ओढतात. त्यामुळे उजवखोऱ्या माणसाच्या जखमा बहुतेक डाव्या हाताच्या तर्जनीवर, अंगठ्यावर आणि तळव्यात सापडतात. ताटली उलटी ठेवून किंवा सपाट लाकडावर कापावे, हा यावरचा सोपा उपाय.

आणखी काही नियम घरातल्या मुलांकडून पाठ करून घ्यावेत. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. मांडीवर ठेवून काहीही कापू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि ती तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. हातातून निसटलेला चाकू झेलू नये, पडू द्यावा. दुसऱ्याला देताना खाली ठेवावा, त्याने उचलून घ्यावा. ताणलेल्या दोराजवळ उघडा चाकू नेऊ नये, कारण त्यावर धार नुसती टेकली तरी तो तुटतो. आणि चाकूला धार असू द्यावी. बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो घसरतो. धार टोमॅटोवर पाहावी, अंगठ्यावर नव्हे.

कायद्याची बाजू

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत. घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तेव्हा लहान चाकूही खिशात ठेवून हिंडू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला लेखी परवानगी लागते. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा ही आपल्या आवडीची ठिकाणे अभयारण्याच्या हद्दीत येतात, हे कित्येकांना ठाऊकच नसते. तेव्हा वनखात्याच्या चौकीवर आपणहून विचारावे आणि नको म्हणाले तर तिथे ठेवून जावे. भाजी घरूनच चिरून नेता येते.

कापलेच तर

एक उदाहरण सांगतो. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एका तरुणाने दोरी कापताना खटका नसलेला चाकू बोटांवर मिटवून घेतला. मित्रांनी जखमेत हळद आणि तंबाखू दाबली. रक्त थांबले, सगळे निर्धास्त झाले. सहा दिवसांनी तो माझ्याकडे आला तेव्हा जखम बऱ्यापैकी भरत होती, पण तर्जनीचे शेवटचे पेर वाकत नव्हते. आतली दोरी, म्हणजे स्नायुबंध, तुटून मागे सरकली होती. हाताच्या तज्ज्ञाकडे शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने व्यायाम झाला, तरी ते बोट पूर्वीसारखे झाले नाही. मोटारीची वेटोळी गुंडाळण्याचे काम शिकणाऱ्याला ते बोट किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात उंच ठेवा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाब सोडू नका. मध्ये उघडून पाहण्याचा मोह टाळा. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. रक्त थांबल्यावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने जखम भरपूर धुवा. गडावरच्या टाक्यातले पाणी त्यासाठी वापरू नका. हळद, तंबाखू, चहापूड, चुना यांपैकी काहीही भरू नका. मग प्रत्येक बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकते का आणि बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का ते पाहा. एक जरी उत्तर 'नाही' असेल, किंवा जखमेचे तोंड उघडे राहत असेल, तर त्याच दिवशी खाली उतरा.

हाता-पायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधून काडीने पिळून आवळा. वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. ती पट्टी दवाखान्यातच सोडायची. शरीरात रुतलेले पाते ओढून काढू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी.

धनुर्वात गंजाने होतो हा गैरसमज आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. त्यामुळे चकचकीत चाकूची मातीने माखलेली जखमही तितकीच धोक्याची. लशीचा पूर्ण क्रम झालेल्याने स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षांत आणि मळलेल्या खोल जखमेसाठी पाच वर्षांत एक मात्रा घेतलेली असावी. क्रम पूर्ण झाला नसेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

सापासाठी चाकू नको

सर्पदंश झाला की चाकूने चीर द्यावी आणि विष काढावे, ही समजूत अजून गेलेली नाही. विष चिरेतून बाहेर येत नाही. शिवाय घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच जाते. अशा माणसाला चीर दिली तर ती वाहत राहते. घट्ट दोरी बांधणे, तोंडाने चोखणे हेही करू नये. अंगठी, कडे, पैंजण काढावे, तो भाग न हलवता आधार द्यावा, रुग्णाला चालवू नये आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस हाच उपाय आहे.

तर पालकांनी मुलाला चाकू जरूर द्यावा. लहान, खटक्याचा आणि धार असलेला. त्याच्याबरोबर जाळीच्या पट्ट्या, एक रुंद बँडेज, चिकटपट्टी आणि साबणाची वडी द्यावी. आणि चाकूच्या दुकानात जाण्याआधी धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली, ती तारीख शोधून काढावी.