एका फळीचा विस्तार

दुकानावर लावतात तो बोर्ड आणि दहावीचा निकाल लावतं ते बोर्ड, दोन्ही एकाच इंग्रजी शब्दातून आले. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. फळीवरून जेवणाचं मेज, मेजावरून रोजचं जेवण. बोर्डिंग-लॉजिंगमधलं बोर्डिंग ते हेच. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात निघालेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगही याच अर्थाचं. पुढे मेजाभोवती बसून कारभार पाहणारं मंडळही 'बोर्ड' झालं.

त्या जुन्या 'बोर्ड'ला जहाजाची बाजू असाही अर्थ होता, आणि मला सगळ्यांत रंजक वाटते ती हीच शाखा. पूर्वी वल्ह्यासारखं सुकाणू जहाजाच्या उजवीकडे असे, म्हणून ती बाजू स्टारबोर्ड. यातल्या 'स्टार'चा ताऱ्याशी संबंध नाही. तो शब्द सुकाणूचाच. डावी बाजू लारबोर्ड. दोन्ही नावं ऐकायला इतकी सारखी, की वादळात आरोळीचा भलताच अर्थ लागायचा. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने डाव्या बाजूसाठी 'पोर्ट' हाच शब्द वापरायचा हुकूम काढला. विमानतळावरचा बोर्डिंग पास याच जहाजी बोर्डाचा वंशज.