घसरला, पण कुठून? एनएफएलच्या मॉक ड्राफ्टची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘आपलं ते हे’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे, पण खेळ कळत नसला तरी बिनधास्त ऐका, कारण आपण मैदानावर जाणारच नाही आहोत. आपण बोलणार आहोत एका यादीबद्दल. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल अमेरिकेतले चाहते ही यादी बनवत बसतात. कॉलेजात खेळणारा कुठला पोरगा कुठल्या व्यावसायिक संघात जाणार, आणि कितव्या नंबरवर, याचा अंदाज. तिला म्हणतात मॉक ड्राफ्ट.

आधी खरा ड्राफ्ट काय असतो ते दोन मिनिटांत सांगतो. आपल्या डोक्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे, ती जरा बाजूला ठेवा. इथे बोली नसते, पाळी असते. एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ. मागच्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली, सुपर बोल जिंकणाऱ्याची शेवटची. अशा सात फेऱ्या, तीन दिवस, आणि एकूण अडीचशेच्या आसपास खेळाडू. तुमचं नाव ज्या संघाने घेतलं तिथेच जायचं. मला मायामी आवडतं, क्लीव्हलंडची थंडी सोसत नाही, असलं काही चालत नाही.

ही पद्धत १९३६ पासूनची. त्या वर्षी फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिलं नाव पुकारलं गेलं जे बर्वांगरचं. हा गडी एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! म्हणजे ‘याला घेतलं की झालं’ हा भ्रम पहिल्याच निवडीत फुटला होता. पण आज इतकी वर्षं झाली तरी त्या भ्रमावर अख्खा धंदा चाललाय.

पैशाचं गणितही लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार जवळजवळ त्याच्या नंबरवरूनच ठरतो. २०२५ मध्ये पहिल्या नंबरवर गेलेल्या कॅम वॉर्डला चार वर्षांसाठी साधारण ४.९ कोटी डॉलर मिळाले. त्याच ड्राफ्टमध्ये १४४ व्या नंबरवर गेलेल्या शेडूर सँडर्सला चार वर्षांचे साधारण ४६ लाख डॉलर. दोघंही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. हे सँडर्सचं नाव डोक्यात ठेवा.

आता मॉक. माझ्या टीममधले अमेरिकेतले दोन सहकारी फेब्रुवारीपासून स्टँडअप मीटिंग सुरू व्हायच्या आधी फक्त हेच बोलतात, त्यातून मला हा नाद लागला. लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की मॉक बनवणारे दोन वेगळे प्रश्न सोडवत असतात आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. पहिला प्रश्न: माझ्या संघाने कोणाला घ्यावं? दुसरा: माझा संघ कोणाला घेणार? पहिला प्रश्न खेळाचा आहे. त्यासाठी सामन्यांचे व्हिडिओ बघा, धावण्याचे आकडे बघा, संघात कुठे खिंडार आहे ते बघा. दुसरा प्रश्न माणसांचा आहे. बंद खोलीत बसलेल्या दहा-बारा लोकांच्या मनात काय चाललंय, हे ओळखायचं. तिथे तुमची आवड-निवड काही कामाची नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी चाहते काय काय करतात ते ऐकाल तर थक्क व्हाल. फेब्रुवारीच्या सुमारास इंडियानापोलिसला कंबाइन नावाचं शिबिर भरतं. तिथे तीनशेहून जास्त पोरांची उंची, वजन, तळहाताची लांबी सगळं मोजतात. ४० यार्ड पळायला किती वेळ लागला हा आकडा तर देवाची आकाशवाणीच. २०२४ मध्ये झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला, तो तिथला विक्रम. त्यानंतर चाहते टिपून ठेवतात की कुठला संघ कुणाला भेटायला बोलावतोय. संघाला आपल्या ठिकाणी जास्तीत जास्त तीसच खेळाडू बोलवता येतात, म्हणून त्या तीस नावांवर घारीसारखी नजर. आणि संघांनाही हे माहीत असतं, त्यामुळे ते मुद्दाम नको असलेल्यालाही बोलावतात. एप्रिल महिन्यात ड्राफ्टबद्दल कोणीही काहीही सांगितलं तर ‘हे सांगण्यात त्याचा काय फायदा?’ असं विचारायचं, हा या नादातला पहिला नियम.

बरं, सगळी माहिती खरी मिळाली तरी गणित आडवं येतंच. समजा तुम्ही इतके हुशार आहात की प्रत्येक निवड ७० टक्के खात्रीने बरोबर सांगता. (इतकं हुशार कोणी नसतं, पण समजा.) तरी पहिल्या दहाच्या दहा निवडी बरोबर यायची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. पहिल्या फेरीतल्या सगळ्या ३२ बरोबर? साधारण नव्वद हजारांत एकदा. आणि हे गणितसुद्धा सौम्य आहे, कारण त्यात निवडी सुट्या-सुट्या धरल्यात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. चौथ्या नंबरवर तुमचा अंदाज चुकला की तो खेळाडू पाचव्यासाठी शिल्लक राहतो, मग पाचवा संघ बेत बदलतो, मग सहावा. आमच्या कोडमध्ये वरच्या एका फंक्शनने चुकीची व्हॅल्यू दिली की खालचं सगळं लाल होतं, तसंच.

त्यात संघ आपापल्या पाळ्यांची अदलाबदल करतात, ते तर आधी कळतच नाही. २०२५ चंच घ्या. ट्रॅव्हिस हंटर दुसऱ्या नंबरवर क्लीव्हलंड ब्राउन्सकडे जाणार, असं जवळजवळ सगळ्या मॉकमध्ये होतं. हंटर दुसऱ्या नंबरवर गेला, पण जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे! त्यांनी पाचव्या नंबरसोबत पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळीसुद्धा देऊन टाकली आणि दुसरा नंबर मिळवला. खेळाडू बरोबर, नंबर बरोबर, संघ चूक. म्हणून मॉकला गुण देणारे लोक समजूतदारपणा दाखवतात. खेळाडू पहिल्या फेरीत जाईल हे बरोबर सांगितलं तर एक गुण, तो कुठल्या संघात जाईल हेही बरोबर आलं तर आणखी दोन. एकूण ९६ गुण. त्यातले निम्मे मिळवले तरी कॉलर ताठ करून फिरता येतं.

इथवर सगळी गंमत आहे. आता ज्याच्यासाठी हा भाग केला त्या मुद्द्यावर येतो.

एकट्याचा अंदाज इतका चुकतो म्हणून लोकांनी सरासरी काढायला सुरुवात केली. शेकडो मॉक गोळा करायचे आणि बघायचं की हा खेळाडू सरासरी कितव्या नंबरवर आहे. डेटावाल्यांना आवडणारी कल्पना, मलाही आवडते. आणि ती बऱ्यापैकी चालते, एकट्या-दुकट्याच्या मॉकपेक्षा नक्की बरी. पण सरासरी कधी चालते? प्रत्येकाने आपापल्या डोक्याने अंदाज केला असेल तर. म्हणजे कोणी वर चुकतो, कोणी खाली, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर हजार काय आणि लाख काय.

ठाणे स्टेशनवर उभे आहात. एक जण म्हणतो, ‘गाडी पाच नंबरवर येतेय.’ त्याच्या बाजूचा पळतो, त्याला बघून चौघं पळतात, मग अख्खा प्लॅटफॉर्म जिना चढायला लागतो. तुम्ही मोजलंत तर तीनशे लोक ‘पाच नंबर’ म्हणतायत. पण तीनशे लोकांना माहिती आहे का? माहिती एकाच माणसाकडे होती. किंवा त्याच्याकडेही नव्हती.

मॉक ड्राफ्टचं असंच आहे. मेल कायपर हा माणूस १९८४ पासून ईएसपीएनवर हेच करतोय. तो आणि त्याच्यासारखे चार-पाच जण जानेवारीत यादी लावतात, कारण त्यांच्याकडे संघांतल्या लोकांचे फोन येतात. बाकीचे ती यादी समोर ठेवून थोडी हलवतात. फार हलवायची भीती वाटते, कारण सगळ्यांसोबत चुकलात तर कोणी हसत नाही, एकटे चुकलात तर स्क्रीनशॉट वर्षभर फिरतो. हजार ओळींचा लॉग दिसतो, पण सर्व्हर एकच.

याचं टोक २०२३ मध्ये दिसलं. ड्राफ्टच्या एक-दोन दिवस आधी इंटरनेटवर एका निनावी माणसाने लिहिलं की विल लेविस हा क्वार्टरबॅक आपल्या घरच्यांना सांगतोय, ‘कॅरोलायना मला पहिल्या नंबरवर घेणार आहे.’ बस्स, एवढंच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा पैजा कायदेशीर आहेत. लेविसचा भाव चाळीसास एक होता, तो चारास एकच्या आसपास आला. म्हणजे ‘हे होणं जवळजवळ अशक्य’ पासून ‘होईलही बुवा’ पर्यंत, एका निनावी पोस्टवर. मग भाव हलला हीच बातमी झाली, आणि बातमी बघून आणखी पैसे लागले. गुरुवारी रात्री कॅरोलायनाने ब्राइस यंगला घेतलं. लेविस कॅन्सस सिटीत कॅमेऱ्यांसमोर टेबलाशी अख्खी पहिली फेरी बसून राहिला. त्याचं नाव दुसऱ्या दिवशी, ३३ व्या नंबरवर आलं.

त्याच वर्षी सी. जे. स्ट्राउडचं उलटं झालं. ड्राफ्टच्या तोंडावर बातमी फुटली की आकलनाच्या कुठल्याशा चाचणीत त्याला कमी गुण पडले. काही मॉकमध्ये तो लगेच खाली सरकला. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या नंबरवर उचललं आणि त्या हंगामात आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याचीच निवड झाली.

आता शेडूर सँडर्स. वडील डीऑन सँडर्स म्हणजे या खेळातलं मोठं प्रस्थ, आणि कोलोरॅडो विद्यापीठात तेच त्याचे प्रशिक्षक. हिवाळ्यातल्या मॉकमध्ये पोरगा पहिल्या पाचांत असायचा. एप्रिल उजाडेपर्यंत जरा खाली आला, पण पहिल्या फेरीत बहुतेकांनी धरलेलाच. प्रत्यक्षात पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले. क्लीव्हलंडने तर तिसऱ्या फेरीत आधी दुसराच क्वार्टरबॅक घेतला आणि मग पाचव्या फेरीत याला. तीन दिवस टीव्हीवर एकच शब्द चालू होता: घसरण.

मला या शब्दाचाच राग येतो. घसरला म्हणजे कुठून घसरला? शेअर घसरतो तेव्हा काल कोणीतरी खरोखर त्या भावाला तो घेतलेला असतो. इथे पहिल्या पाचांतला नंबर सँडर्सला कुठल्याही संघाने कधी दिलेलाच नव्हता. संघांच्या याद्या कुलुपात असतात. तो नंबर मॉकवाल्यांनी दिला, चाहत्यांनी हजार वेळा छापला, आणि मग त्याच नंबरावरून पोराला मोजलं. तेवीस वर्षांचा मुलगा पोटात गोळा घेऊन फोनकडे बघत बसलाय, आणि अपयश कोणाचं? अंदाज चुकला आमचा. ‘मॉक तोंडावर आपटले’ अशी हेडिंग लागायला हवी होती.

ही खोड जुनीच आहे. २००५ मध्ये ॲरन रॉजर्स पहिल्या नंबरवर जाऊ शकतो अशी चर्चा होती. तो न्यूयॉर्कला चार तासांहून जास्त वेळ कॅमेऱ्यासमोर ताटकळला, २४ व्या नंबरवर ग्रीन बेने घेतलं. पुढे चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यावर कोणी म्हणेल, मग संघांना तरी कुठे कळतं? बरोबर आहे. केड मॅसी आणि नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारे दोघं घ्या, एक आधी निवडलेला, दुसरा त्याच्या लगेच नंतर. आधीचा जास्त चांगला निघण्याची शक्यता त्यांना साधारण ५२ टक्के सापडली. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. टॉम ब्रॅडी २००० मध्ये १९९ व्या नंबरवर गेला होता. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे त्या ड्राफ्टमधलं अगदी शेवटचं नाव, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक होता. पण संघ चुकला तर त्याचे पैसे जातात, प्रशिक्षकाची नोकरी जाते. आपण चुकलो तर पुढच्या जानेवारीत नवी यादी.

मी मॉक बनवणं सोडलेलं नाही, मजा येते. फक्त दोन सवयी लावून घेतल्यात. जानेवारीची माझी यादी मी दुसऱ्या कोणाचीही बघायच्या आधी लिहितो. आणि प्रत्येक नावापुढे लिहितो की हे मला कशावरून वाटतंय: सामना बघून, संघाच्या गरजेवरून, की कोणीतरी म्हणालं म्हणून. तिसऱ्या प्रकारची नावं मोजली की यादीतली माझी अशी किती, ते लगेच दिसतं.

तुम्हालाही करून बघायचा असेल तर पहिल्या फेरीच्या ३२ जागांपासून सुरू करा, सातही फेऱ्यांच्या फंदात पडू नका. खरा ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठ, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. अलार्म लावा, चहा ठेवा, आणि यादी आदल्या रात्रीच मला पाठवून द्या. सकाळी सहानंतर आलेली धरणार नाही.