गुन्हेगार जन्मतो की घडतो?

वर्तमानपत्र उघडले की चोरी, दरोडा, खुनाच्या बातम्या दिसतात आणि कडक शिक्षेची मागणी होते. ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाचे जे उत्तर शासन स्वीकारते, त्यावरच कायदा, पोलीस व तुरुंग यांचे स्वरूप ठरते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

इटलीतील विचारवंत बेकारिया याने १७६४ साली मांडले की, माणूस लाभहानी पाहून वागतो. म्हणून शिक्षा क्रूर नसावी, पण ती खात्रीने व लवकर व्हावी. त्याच देशातील डॉक्टर लोंब्रोसो याने १८७६ साली उलट सांगितले. काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात व ती शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतात, असे त्याचे मत होते. शास्त्राने ते पुढे खोटे ठरविले.

आपल्या देशात मात्र जन्माने गुन्हेगार ही कल्पना त्याआधीच कायद्यात आली होती. इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा तर्क इंग्रज अधिकाऱ्यांनी केला. त्यातून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला. जमातीच्या जमाती नोंदविल्या गेल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत! गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा सुरू झाली. जातिव्यवस्थेचाच हा सरकारी अवतार होता. पूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य व आदिवासींबरोबर या जमातींचाही प्रश्न मांडला, तो उगीच नव्हे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे बांधव विमुक्त झाले. पण कायदा गेला तरी संशय गेला नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडूकाम कोणी करायचे व स्वयंपाक कोणी, हे जातीवरून ठरत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले व तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी!

भगवान बुद्धांचे उत्तर निराळे आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात चोरांचा उपद्रव माजतो. राजाचा पुरोहित त्याला सांगतो की, वध व बंधन यांनी तो संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला वेतन द्या. लोक कामाला लागले आणि घराची दारे उघडी ठेवून राहू लागले. आणि अंगुलिमालाची कथा तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. खुनी दरोडेखोरही बदलू शकतो, असा तिचा अर्थ. तथापि भिक्खू झाल्यावरही लोकांचे दगड त्याला सोसावे लागले, हेही विसरता येत नाही.

याचा अर्थ शिक्षा नकोच, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण शिक्षा कृत्याला असावी, जन्माला नव्हे; आणि तुरुंगातून बाहेर येणाऱ्याला परतायला वाट असावी.

म्हणून बंधुभगिनींनो, वस्तीत चोरी झाली की "हे अमक्या जातीचेच काम" असे आपणही सहज बोलून जातो. त्या क्षणी आपण १८७१ चा कायदाच पुन्हा लागू करीत असतो. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी निदान एका गरीब आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळवून द्यावा, आणि सुटून आलेल्या तरुणाला आपण कामाला लावावे. जन्मावरून शिक्षा काय असते, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक?

भवतु सब्ब मंगलं!