साखरपुड्याचं फोटोशूट: कॅमेऱ्याआधी घड्याळ बघा

फोटोशूटचा धंदा सुरू करताय? मग आधी माझी चूक ऐका. कोनच्या खाडीकिनारी माझं पहिलं शूट, डिसेंबर महिना. जोडप्याला म्हणालो, "साडेपाचला या." मेकअप, त्यात दुर्गाडी पुलावरचं ट्रॅफिक... पोचले तेव्हा अंधार! निम्मे पैसे परत द्यावे लागले.

आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या. म्हणून वेळ उलटी मोजा: सूर्यास्ताच्या दीड तास आधी शूट सुरू, त्याआधी प्रवास, त्याआधी मेकअपचे दोन तास. कपडे दोनच जोड ठेवायला सांगा, बदलण्यातही वेळ जातो. अंगठीची आठवण करा. हे सगळं अ‍ॅडव्हान्स घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या.

उजेड उधारीवर मिळत नाही, मंडळी!