रझाचा मुलगा

मुलाने आपल्या पुढे जावं, असं कोणत्या बापाला वाटत नाही? पण तो पुढे गेल्याचं खुद्द बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं, तर त्या बापाला काय वाटत असेल? मुघल दरबारातला चित्रकार आका रझा याच्या वाट्याला हेच आलं.

आका रझा मूळचा हेरातचा. इराणी शैलीत त्याचा हात तयार झाला होता. हिंदुस्थानात तो शहजादा सलीमच्या, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाच्या पदरी राहिला. १५८८च्या सुमारास त्याला मुलगा झाला, अबुल हसन. चाकरी शहजाद्याची, म्हणून हा मुलगा दरबारी भाषेत ‘खानाज़ाद’, धन्याच्या घरात जन्मलेला.

त्या काळी चित्रकाराचं घर हीच शाळा असे. मुलांनी आधी रंग घोटायचे, अकीकाच्या दगडाने कागद घासून गुळगुळीत करायचा, खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले बांधायचे. मग उस्तादांच्या चित्रांच्या नकला. स्वतःचं चित्र फार पुढे. दरबारात अशी घरं आणखीही होती. अकबराचा नामवंत चित्रकार बसावन आणि त्याचा मुलगा मनोहर यांची जोडी प्रसिद्धच आहे. आका रझाकडे शिकणाऱ्यांत एक मुलगीही होती, नादिरा बानू. तिने आपल्या चित्रांवर स्वतःला आका रझाची शागीर्द म्हणवलं आहे.

या चित्रकारांसमोर युरोपातली छापील चित्रंही येत. गोव्याहून निघालेले जेसुइट पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारी पोहोचले, तेव्हा त्यांनी सचित्र बायबल भेट दिलं होतं. १६०० मध्ये बाराएक वर्षांच्या अबुल हसनने अशाच एका छापील चित्राची नक्कल केली. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११च्या चित्रात येशूच्या क्रुसापाशी संत योहान हात जुळवून उभा आहे. मुलाने तेवढाच योहान उचलला. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्यावरचं दुःख त्याने बारीक रेषांत पकडलं. एका मुसलमान चित्रकाराच्या मुलाने रेखाटलेला हा ख्रिस्ती संत आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. चित्रावर त्याने लिहिलं आहे, की हे काम रझाचा मुलगा अबुल हसन याने तेराव्या वर्षी केलं.

नकलेत तयार झालेला हा हात पुढे स्वतःच्या डोळ्याने चालू लागला. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं चिनार वृक्षाचं चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर पानांचे बदलते रंग, फांद्यांवर खेळणाऱ्या खारी आणि खाली झाडावर चढायची धडपड करणारा माणूस. या जिवंतपणामुळेच त्याची वाट बापाच्या इराणी शैलीपासून वेगळी झाली.

जहांगीर चित्रांचा दर्दी. आपल्या राज्यारोहणाचं चित्र अबुल हसनने १६१८ मध्ये पुढे ठेवलं, त्या प्रसंगी बादशहाने त्याचं तोंड भरून कौतुक लिहिलं. ‘नादिर-उज़-ज़मान’, म्हणजे आपल्या काळात दुर्मीळ, हा किताबही त्याला दिला होता. सोबत हेही लिहिलं, की बापाच्या आणि मुलाच्या कामाची तुलनाच होऊ शकत नाही.

बापाला हे वाचून काय वाटलं, त्याची नोंद इतिहासात नाही. पण बापाची योग्यता मोठी होती. प्रयागराजच्या खुसरोबागेच्या दरवाज्यावरच्या लेखात आजही आका रझाचं नाव कोरलेलं दिसतं. आणि मुलाचा जो हात बादशहाला अतुलनीय वाटला, त्याला वळण याच घरात लागलं होतं. मुलगा आपल्यासारखंच काढत राहिला असता, तर बापाचं नाव एका नकलेपुरतं उरलं असतं.

अबुल हसनचा भाऊ आबिदही चित्रकार झाला. शाहजहानच्या काळातल्या ‘पादशाहनामा’तल्या चित्रावर त्याने आपली ओळख नादिर-उज़-ज़मानचा भाऊ अशी दिली आहे. थोरल्याने एकेकाळी स्वतःला रझाचा मुलगा म्हणवलं, धाकट्याने थोरल्याचा भाऊ. बादशहाने दोघा बापलेकांना तराजूत तोललं खरं, पण घरातल्यांनी सही करताना एकमेकांचं नाव सोडलं नाही.