रेडिओ तांदळाचा धडा

तंजावर जिल्ह्यात शिरल्यावर कावेरी नदी असंख्य फाट्यांत, कालव्यांत आणि चाऱ्यांत विभागली जाते. भाताच्या या प्रदेशातील शेतकऱ्याचे वर्ष मेट्टूर धरणाच्या दरवाजांबरोबर सुरू होते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात असून ‘कुरुवै’ हे अल्प मुदतीचे भातपीक त्यावर अवलंबून असते. आजोबा कालव्याच्या काठावर उभे राहून पाण्याची वाट पाहतात, तर नातू धरणातील पातळी मोबाईलच्या पडद्यावर पाहतो. यंदा पाणी पुरेल का, हा प्रश्न मात्र दोघांचाही एकच असतो. असे असूनही एकाच ओसरीवर बसलेल्या या दोघांत पुष्कळदा संवाद घडत नाही. हे चित्र महाराष्ट्रातील घरांनाही अपरिचित नाही.

रहिवासी आणि स्थलांतरित

अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये या दोन पिढ्यांना दोन नावे दिली. संगणक व इंटरनेटच्या सान्निध्यात वाढलेली मुले म्हणजे ‘डिजिटल नेटिव्ह’, अर्थात त्या जगाचे मूळ रहिवासी, आणि हे तंत्र प्रौढपणी शिकलेले लोक म्हणजे स्थलांतरित. स्थलांतरित माणूस नवी भाषा शिकला, तरी त्याच्या बोलण्यात जुना हेल राहतोच, असे प्रेन्स्की यांचे म्हणणे होते. ही विभागणी फार ढोबळ आहे, असा आक्षेप पुढे अनेक अभ्यासकांनी घेतला. मोबाईल सराईतपणे हाताळणारा तरुण त्यावरील खरे-खोटे ओळखतोच असे नाही, आणि वयोवृद्ध माणसाला नवे शिकता येत नाही असेही नाही.

स्थलांतरिताचा हेल ही उणीव मानण्याचेही कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापन केली. त्या काळात तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांनी तमिळ आत्मसात केली आणि घरात मराठीही जपली. त्याच वंशातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी मुद्रणाची सोय केली आणि १८०६ मध्ये तेथे इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापला गेला. मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी वडीलधाऱ्यांनी आपल्या काळातील नवे तंत्र हाती घेतल्याचे हे एक जुने उदाहरण होय.

आजोबांच्या तारुण्यातील नवे यंत्र

आज ज्यांना मोबाईलचे वावडे असल्याचे मानले जाते, ती पिढीही एकेकाळी एका नव्या यंत्राची चाहती होती. १९६० च्या दशकात सघन शेती जिल्हा कार्यक्रमात तंजावरचा समावेश झाला. त्याच दशकात आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने ‘एडीटी २७’ हे नवे वाण दिले. त्याची माहिती आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रावरून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. शेतकऱ्यांनी त्या वाणाला नावच दिले, ‘रेडिओ तांदूळ’. ज्या माध्यमातून वार्ता आली, तेच पिकाचे नाव झाले.

घरातील तरुणांनी आजोबांना रेडिओ तांदळाविषयी अवश्य विचारावे, आणि महाराष्ट्रातील घरांत पहिल्या संकरित ज्वारीविषयी. नव्या गोष्टीवर विश्वास कसा बसतो, हे त्या आठवणींतून कळते. बातमी रेडिओने दिली, तरी पेरण्याचा निर्णय बांधावरच्या चर्चेतूनच होत असे.

पडद्यावरून ध्वनिक्षेपकाकडे

कुंभकोणम येथे १९२५ मध्ये जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने १९९८ पासून पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रे उभारली. पुढे २००४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या सहकार्याने उपग्रहाद्वारे जोडलेली ग्राम संसाधन केंद्रे सुरू झाली. त्यांपैकी एक तंजावर जिल्ह्यात, संत त्यागराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या तिरुवैयारू येथे होते.

या केंद्रांची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. गावातील संगणक शिकलेले स्वयंसेवक माहिती मिळवीत, तिचे तमिळमध्ये रूपांतर करीत आणि ती फलकावर लिहीत. किनाऱ्यावरील गावांत लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकविला जाई. वृद्ध कोळ्याने संगणक शिकलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरला नाही.

या व्यवस्थेची कसोटी २६ डिसेंबर २००४ रोजी लागली. सिंगापूरला असलेल्या एका तरुणाने त्सुनामीची वार्ता कळताच पुदुच्चेरीतील नल्लवाडु या आपल्या गावी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला आणि माणसे वेळीच किनाऱ्यापासून दूर गेली. दूरच्या मुलाचा शब्द गावाने मानला, म्हणूनच तो दूरध्वनी उपयोगी पडला.

याची दुसरी बाजू १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने दाखविली. पट्टुकोट्टै व पेरावुरणी परिसरातील नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विजेविना मोबाईल मुका होतो. अशा वेळी विहीर कोठे आहे, पाणी कोणत्या वाटेने उतरते आणि नवी बाग उभी राहण्यास किती वर्षे लागतात, हे सांगणारी माणसे म्हणजे घरातील वडीलधारी.

घरात आणि शाखेत

बँकेच्या व्यवहारांत हा संवाद विशेष महत्त्वाचा ठरतो. निवृत्तिवेतन, पीककर्ज, अनुदान हे सारे आता मोबाईलशी जोडले गेले आहे. अनेक घरांत आजोबा आपला मोबाईल आणि पिन दोन्ही नातवाच्या हवाली करून मोकळे होतात. ही सोय असली, तरी ते शिक्षण नव्हे आणि सुरक्षितताही नव्हे. त्यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील.

• शिकविताना मोबाईल आजोबांच्याच हाती असावा. बोट त्यांचे आणि मार्गदर्शन नातवाचे. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी, उदाहरणार्थ खात्यातील शिल्लक पाहणे.

• पिन व ओटीपी नातवानेही विचारू नये. घरात ही सवय लागली, म्हणजे परक्याने विचारताच संशय येतो. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारताना पिन द्यावा लागत नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

• चूक झाल्यास रागावू नये. रागाच्या भीतीने वृद्ध माणसे फसवणूक लपवितात आणि मोलाचा वेळ जातो. अशा प्रसंगी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि बँकेसही सूचना द्यावी.

• वडीलधाऱ्यांनीही आपली वही तरुणांपुढे उघडावी. कोणते कर्ज का काढले आणि दुष्काळी वर्षी घर कसे चालले, हे कोणत्याही ॲपमध्ये सापडत नाही.

• शाखेतील तरुण सहकाऱ्यांनी ज्येष्ठ ग्राहकाशी बोलताना सोबत आलेल्या मुलाकडे न पाहता खातेदाराकडे पाहून बोलावे.

रेडिओ तांदळाच्या काळी वार्ता रेडिओवरून आली आणि तिची पारख बांधावर झाली. आजही माहिती नातवाच्या मोबाईलवर आधी येईल. ती आजोबांना मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी आणि त्यांचे मत ऐकण्यासाठी रोजची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.